देशाची बचत आणि कास्तकाराची बचत

वर्तमानपत्रात अधूनमधून एक आकडा वाचावयास मिळतो. चीनमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक बचत होते, भारतात ३० टक्क्यांच्या आसपास, तर अमेरिकेत १७ ते १८ टक्के. हे आकडे वाचून साधारणपणे असा समज होतो की, चिनी लोक काटकसरी, अमेरिकन लोक उधळे आणि आपण मधले. त्याच वेळी विदर्भातील कापूस, सोयाबीन किंवा संत्रा उत्पादक शेतकऱ्यास असाही प्रश्न पडतो की, देशात शंभरातील तीस रुपये शिल्लक पडत असतील, तर माझ्या घरी मार्चअखेर हात रिकामा का?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्याकरिता बचतीचा दर कसा काढतात, निरनिराळ्या देशांची तुलना करताना कोणती काळजी घ्यावी आणि तीच पद्धत स्वतःच्या शेतीला कशी लावावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

बचतीचा दर म्हणजे काय?

एका वर्षात मिळालेल्या उत्पन्नातून त्या वर्षाचा उपभोगाचा खर्च वजा केला असता जे उरते ती बचत होय. या बचतीला उत्पन्नाने भागून शंभराने गुणले की बचतीचा दर मिळतो. देशाच्या बाबतीत तीन घटकांची बचत एकत्र केली जाते : १) कुटुंबे, २) कंपन्या व कारखाने, ३) शासन. भारतात यापैकी कुटुंबांचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ६० टक्के आहे. येथे एक गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. आपल्या देशाच्या हिशेबात 'कुटुंब' या गटात नोकरदारांबरोबर शेतकरी, छोटे दुकानदार व कारागीर यांचाही समावेश होतो. म्हणजेच राष्ट्रीय बचतीच्या आकड्यात कास्तकाराच्या बचतीचीही भर असते.

बचत म्हणजे केवळ बँकेत ठेवलेली रक्कम नव्हे. पुढील बाबीही बचतीत धरल्या जातात :

१) शेतात विहीर खोदणे, बांधबंदिस्ती करणे, ठिबक संच बसविणे, गोठा बांधणे.
२) कर्जाच्या मुद्दलाची परतफेड. (व्याज हा खर्च आहे, मुद्दलाची फेड ही बचत आहे.)
३) घरात साठवून ठेवलेला, विक्री न केलेला शेतमाल.
४) पोस्ट, बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी यांत भरलेली रक्कम.
५) सोने-चांदी. भारताच्या हिशेबात कुटुंबांनी घेतलेले दागिने बचतीत दाखविले जातात.

याउलट काही खर्च आपल्याला बचतीसारखे वाटतात, परंतु हिशेबात तसे धरले जात नाहीत. मुलांच्या शिक्षणावरील फी हा उपभोगाचा खर्च समजला जातो. शेजाऱ्याचे दोन एकर वावर विकत घेतल्यास आपल्या घरची मालमत्ता वाढते. पण देशाच्या दृष्टीने जमीन होती तेवढीच राहते, फक्त सातबाऱ्यावरील नाव बदलते. त्याच पैशात विहीर खोदली तर मात्र देशात पूर्वी नसलेले एक साधन तयार होते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

काही देशांचे आकडे

अलीकडच्या वर्षांतील ढोबळ राष्ट्रीय बचतीचे दर, देशाच्या एकूण उत्पन्नाशी शेकडा प्रमाणात, स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत :

चीन — ४३ ते ४५
सिंगापूर — ४० च्या आसपास
दक्षिण कोरिया — ३३ ते ३५
भारत — ३० च्या आसपास
जपान — २८ ते ३०
अमेरिका — १७ ते १८

आता आपल्याच देशाचा मागील प्रवास पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ च्या सुमारास भारताचा बचतीचा दर ९ ते १० टक्के होता. १९९०-९१ पर्यंत तो २२ ते २३ टक्क्यांवर आला. २००७-०८ मध्ये ३६.८ टक्के असा उच्चांक गाठला गेला. त्यानंतर तो उतरून ३० टक्क्यांजवळ स्थिरावला आहे. आर्थर ल्युईस या अर्थशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये असे मांडले होते की, ४ ते ५ टक्के बचत करणारा देश १२ ते १५ टक्के बचत कशी करू लागतो, हे समजून घेणे हाच विकासाच्या अभ्यासाचा गाभा आहे. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारताने ही पायरी केव्हाच ओलांडली. तरीही बचतीचा दर वाढला म्हणजे प्रत्येक घरची बचत वाढली, असे होत नाही.

तुलना करताना घ्यावयाची काळजी

बाजारात दोन पोत्यांचा भाव विचारताना आपण प्रथम वजन, ओलावा व कडता सारखा आहे की नाही हे पाहतो. देशांच्या आकड्यांबाबतही तेच करावे लागते.

१) ढोबळ की निव्वळ? : यंत्रे, इमारती, रस्ते दरवर्षी झिजतात. या झिजेला घसारा म्हणतात. घसारा वजा न करता काढलेली बचत ढोबळ, तर वजा करून काढलेली निव्वळ असते. अमेरिकेसारख्या देशात जुनी यंत्रसामग्री व इमारती फार असल्याने घसाराही मोठा असतो. तेथील ढोबळ बचत १७ टक्के दिसली, तरी निव्वळ बचत फारच थोडी उरते.

२) कोणाची बचत? : जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास कुटुंबे आपल्या खर्चयोग्य उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक बचत करीत. २००५ नंतर बहुतेक वर्षांत हा दर ५ टक्क्यांच्या खाली राहिला. तरीही जपानचा राष्ट्रीय दर ३० टक्क्यांजवळ दिसतो, कारण आता तेथे कंपन्या बचत करतात. एकाच देशाचे हे दोन आकडे निरनिराळी कथा सांगतात. त्यामुळे एका देशाचा घरगुती दर दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय दराशी ताडून पाहू नये.

३) दर की रक्कम? : २०२३ मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे अडीच हजार डॉलर, तर अमेरिकेचे ८० हजार डॉलरहून अधिक होते. अडीच हजारांचे ३० टक्के म्हणजे ७५० डॉलर. ८२ हजारांचे १७ टक्के म्हणजे जवळपास १४ हजार डॉलर. दर आपला जास्त, पण माणशी शिल्लक त्यांची अठरापट. कमी उत्पन्नातून ३० टक्के बाजूला काढण्यास किती पोटाला चिमटा घ्यावा लागतो, हे दर पाहून कळत नाही.

४) एकाच वर्षाचा आकडा : एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील घरगुती बचतीचा दर एकदम ३० टक्क्यांवर गेला. लोक एका रात्रीत काटकसरी झाले नव्हते. कोरोनामुळे दुकाने बंद होती व शासनाने घरोघर मदतीचे धनादेश पाठविले होते. भारतातही २०२०-२१ मध्ये कुटुंबांची पैशाच्या रूपातील निव्वळ बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली आणि २०२२-२३ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आली. म्हणून किमान तीन ते पाच वर्षांची सरासरी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. हा नियम कोरडवाहू शेतीस तर अधिकच लागू आहे.

देश बचत का करतात?

लोकांच्या स्वभावावर बचत ठरत असती, तर ती पन्नास वर्षांत एवढी बदलली नसती. दक्षिण कोरियातील बचत १९६० च्या दशकाच्या आरंभी १० टक्क्यांच्याही खाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती ३५ टक्क्यांच्या वर गेली. माणसे तीच, चालीरीती त्याच. या काळात कारखाने व निर्यात वाढून उत्पन्न वेगाने वाढले. उत्पन्न जितक्या झपाट्याने वाढले, तितक्या झपाट्याने खर्चाची सवय वाढली नाही आणि मधले अंतर बचत म्हणून उरले.

जपानमध्ये आणखी एक कारण सांगितले जाते. तेथे नोकरदारांना वर्षातून दोनदा मोठी बोनस रक्कम देण्याची प्रथा आहे. दरमहाच्या पगारात घर चालते आणि बोनसमधील बराच भाग शिल्लक टाकला जातो. शिवाय १८७५ पासून गावोगावच्या टपाल कचेरीत बचत खाते उघडण्याची सोय होती. पैसा हाती आला त्या दिवशी तो ठेवण्याचे ठिकाण जवळच होते.

चीनचा दर वरकरणी कौतुकास्पद वाटतो, परंतु त्यामागे काळजीही आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सामूहिक शेती मोडली, तेव्हा तिच्या आधारावर चालणारी गावांतील सहकारी आरोग्य व्यवस्थाही बहुतेक ठिकाणी कोसळली. आजारपणाचा खर्च घरावर आला. एकच मूल असल्याने म्हातारपणी आधार कोणाचा, ही चिंता वाढली. त्यामुळे उत्पन्न वाढत असतानाही कुटुंबे हात राखून खर्च करू लागली. २००८ ते २०१० च्या सुमारास चीनची राष्ट्रीय बचत ५० टक्क्यांच्या वर गेली. यात कंपन्यांच्या नफ्याचाही मोठा भाग होता. २००३ पासून ग्रामीण आरोग्य योजना नव्याने सुरू झाली. पुढे समाजात वृद्धांचे प्रमाण वाढत गेले व खर्चही वाढला, तसा दर उतरू लागला. जास्त बचत हे नेहमीच सुबत्तेचे लक्षण नसते. ते भीतीचेही लक्षण असू शकते.

सिंगापूरमध्ये बचत कायद्याने करावी लागते. १९५५ पासून तेथे मध्यवर्ती भविष्य निर्वाह निधी आहे. ५५ वर्षांपर्यंतच्या कामगाराच्या वेतनाच्या ३७ टक्क्यांइतकी रक्कम, कामगार व मालक दोघांचा हिस्सा मिळून, या निधीत जमा होते.

आपल्याकडेही नोकरदारास ही सोय आहे. नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्येच कामगारांकरिता निवृत्तिवेतन निधी काढण्यात आला होता. देशात भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला. त्याच मिलला कापूस पुरविणाऱ्या कास्तकाराकरिता मात्र अशी पगारातून आपोआप कपात करणारी व्यवस्था नव्हती. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत पीक कर्जाची वसुली चुकाऱ्यातून होत असे व भांडवल निधीसाठीही कपात केली जात असे. ती पद्धत संपल्यावर बचत करावयाची की नाही, किती व केव्हा, हे सर्व शेतकऱ्याच्या स्वतःच्या निर्णयावर आले आहे.

ग्रामीण कुटुंबांचे चित्र

नाबार्डने २०१६-१७ व २०२१-२२ या दोन वर्षांत ग्रामीण व ५० हजारांहून कमी वस्तीच्या गावांतील कुटुंबांची देशव्यापी पाहणी केली. तिचे निष्कर्ष प्रत्येक शेतकऱ्याने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत.

२०१६-१७ : कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ८,०५९ रुपये, खर्च ६,६४६ रुपये, उरले १,४१३ रुपये.
२०२१-२२ : कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,६९८ रुपये, खर्च ११,२६२ रुपये, उरले १,४३६ रुपये.

पाच वर्षांत उत्पन्न दीडपटीहून अधिक झाले, पण महिन्याची शिल्लक केवळ २३ रुपयांनी वाढली. दराच्या भाषेत सांगावयाचे तर शिल्लक साडेसतरा टक्क्यांवरून सव्वाअकरा टक्क्यांवर आली. महागाई लक्षात घेतली तर शिल्लक प्रत्यक्षात घटली. याच काळात कर्ज असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ४७.४ टक्क्यांवरून ५२ टक्के झाले. देशाचा दर ३० टक्के आणि ग्रामीण घरचा ११ टक्के, हा फरक बऱ्याच अंशी कंपन्या व शहरी घरबांधणी यांच्या आकड्यांत दडलेला आहे.

यावरून पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे स्वतःच्या वहीत शोधावे लागते.

आपल्या घरचा दर कसा काढावा?

समजा, नागपूर जिल्ह्यातील एका कुटुंबाकडे ६ एकर जमीन व दोन म्हशी आहेत. चांगल्या वर्षाचा त्यांचा हिशेब असा आहे :

कापूस विक्री — १,८०,००० रु.
सोयाबीन विक्री — ७०,००० रु.
तूर विक्री — ५०,००० रु.
दूध विक्री — ६०,००० रु.
घरी वापरलेले धान्य, डाळ व दूध यांची किंमत — ३०,००० रु.
एकूण — ३,९०,००० रु.

बियाणे, खते, फवारणी, मजुरी, पशुखाद्य, कर्जावरील व्याज इत्यादी लागवड खर्च — १,९०,००० रु.
ढोबळ उत्पन्न — २,००,००० रु.
घरखर्च (घरच्या धान्य व दुधासह) — १,६४,००० रु.
ढोबळ बचत — ३६,००० रु.

दर १८ टक्के आला. हे ३६,००० रुपये कोठे गेले? २०,००० रुपये कर्जाच्या मुद्दलात, १०,००० रुपये ठिबक संचाच्या हिश्श्यात व ६,००० रुपये पोस्टात. हातात रोख काही उरले नाही म्हणून घरधनी म्हणतो, 'काही वाचले नाही.' प्रत्यक्षात त्याने चांगली बचत केली आहे. हिशेब न मांडल्याने ती त्याला दिसत नाही.

आता घसारा धरू. मोटारपंप, फवारणी पंप, पाइप, गोठा व वयस्क होत जाणाऱ्या म्हशी यांचा वर्षाचा घसारा २०,००० रुपये मानला, तर निव्वळ उत्पन्न १,८०,००० रुपये व निव्वळ बचत १६,००० रुपये होते. दर ९ टक्क्यांहूनही किंचित कमी. अमेरिकेच्या बाबतीत पाहिलेला ढोबळ व निव्वळ यांतील फरक येथेही तेवढाच खरा आहे.

परंतु एका वर्षावरून निष्कर्ष काढावयाचा नाही, हे आपण ठरविले आहे. म्हणून तीन वर्षे घेऊ. दुसरे वर्ष मध्यम आहे : उत्पन्न १,६०,००० रुपये, घरखर्च १,५४,००० रुपये, बचत ६,००० रुपये. तिसरे वर्ष वाईट आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंड अळीने विदर्भात अनेकांवर आणले तसे. उत्पन्न १,२०,००० रुपये, घरखर्च १,५०,००० रुपये, म्हणजे ३०,००० रुपयांची तूट. तीन वर्षांचे मिळून उत्पन्न ४,८०,००० रुपये व ढोबळ बचत फक्त १२,००० रुपये. दर अडीच टक्के.

तीन वर्षांचा घसारा ६०,००० रुपये वजा केला, तर निव्वळ बचत उणे ४८,००० रुपये येते. पंप जुना झाला, म्हशी आटल्या, त्या बदलण्यास पैसा नाही, म्हणजेच हे कुटुंब नकळत आपले भांडवल खात आहे. वर्षाला सरासरी ४,००० रुपये ढोबळ बचत असणाऱ्या या घरी २ लाख रुपये खर्चाचे लग्न निघाले, तर तेवढी रक्कम साठण्यास ५० वर्षे लागतील. साहजिकच लग्न कर्जावर होते आणि पुढील कित्येक हंगामांतील बचत व्याजात जाते.

काटकसर की उत्पन्नातील स्थैर्य?

अशा कुटुंबास नेहमी काटकसरीचा सल्ला दिला जातो. तो कितपत उपयोगी आहे, हे आकड्यांनीच तपासू. तिन्ही वर्षांच्या घरखर्चात २ टक्के कपात केली, तर ४,६८,००० रुपयांपैकी ९,३६० रुपये वाचतात. याउलट खर्च तोच ठेवून केवळ वाईट वर्षाचे उत्पन्न ३०,००० रुपयांनी सावरता आले, तर तीन वर्षांची बचत १२,००० वरून ४२,००० रुपये होते व दर अडीच टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या वर जातो.

एक वाईट वर्ष दोन चांगल्या वर्षांची बचत खाऊन टाकते. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने चांगल्या वर्षातील शिल्लक प्रथम वाईट वर्षाचा फटका कमी करणाऱ्या कामांत घालावी. शेततळे वा विहिरीतून संरक्षित ओलित, कपाशीत तुरीचे आंतरपीक, दुधाचा जोडधंदा व पीक विमा यांचा यादृष्टीने विचार करावा. कोरियाचा धडा हाच आहे की, उत्पन्न वाढते व टिकते राहिले की बचत मागोमाग येते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) वही ठेवावी : आपल्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. त्याच दिवसापासून नवी वही सुरू करावी. उत्पन्न, लागवड खर्च व घरखर्च अशी तीन पाने वेगळी ठेवावीत. घरी वापरलेल्या मालाची किंमत व यंत्रांचा घसारा लिहिण्यास विसरू नये.

२) चुकारा आला त्याच दिवशी वाटणी करावी : जपानी नोकरदाराच्या बोनसप्रमाणे आपलाही पैसा एकदम हाती येतो. दिवाळी ते संक्रांत या काळात कापूस, सोयाबीनचे पैसे येतात व त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते. म्हणून रक्कम मिळताच प्रथम पुढील खरिपाचे बियाणे-खत, त्यानंतर पीक कर्जाची परतफेड, त्यानंतर अडीअडचणीचा निधी अशा क्रमाने पैसा वेगळा काढावा. उरलेल्यात घरखर्च व समारंभ बसवावेत. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्यास ठोक्याने देणाऱ्यांनीही इसार व अखेरचा हप्ता यांची अशीच वाटणी करावी.

३) महागडे कर्ज आधी फेडावे : शेकडा ३ रुपये महिना या दराने घेतलेल्या हातउसन्यावर वर्षाला ३६ टक्के व्याज पडते. ठेवीवर ७ टक्के मिळत असताना असे कर्ज चालू ठेवणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी काढणे होय. पीक कर्ज मुदतीत फेडल्यास व्याजात सवलत मिळते, तीही एक कमाईच आहे.

४) अडीअडचणीचा निधी : एका हंगामाच्या लागवड खर्चाइतकी रक्कम हळूहळू साठवावी. ती सहज काढता येईल अशा खात्यात असावी. दुबार पेरणीची वेळ आल्यास हाच निधी सावकाराच्या दारापासून दूर ठेवतो.

५) परतावा महागाईशी ताडून पाहावा : १९८८ मध्ये किसान विकास पत्र सुरू झाले, तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दराने त्यास ११५ महिने लागतात. दुप्पट होणे हे आकर्षण असले, तरी तेवढ्या काळात खत, औषधे व शिक्षण किती महागतील, याचाही हिशेब करावा.

६) सुरक्षितता तपासावी : फेब्रुवारी २०२० पासून विमा संरक्षण असलेल्या बँकेतील प्रत्येक ठेवीदाराची ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव, व्याजासह, सुरक्षित असते. सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे. पतसंस्था व विविध कार्यकारी सोसायटीतील ठेवींना ते लागू नाही. जादा व्याजाच्या आशेने सर्व रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा खासगी दलालांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतविण्यात आला, परंतु रोखे बँकेस मिळालेच नाहीत आणि सुमारे दीडशे कोटी रुपयांचा फटका बसला. या प्रकरणी खालच्या न्यायालयाचा निकाल येण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. पै पै जोडून केलेली बचत अडकली, तर ती नसल्यासारखीच होते.

७) सोने व जमीन यांना मर्यादा घालावी : सोने अडचणीत तारण ठेवता येते, म्हणून थोडे असावे. परंतु कोरड्या वावरात आणखी कोरडे वावर जोडण्यापेक्षा असलेल्या जमिनीला पाणी देणे बहुधा अधिक फायद्याचे ठरते. त्यात घराचेही उत्पन्न वाढते व देशाचेही.

८) बचत गटाचा आधार घ्यावा : १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट व बँक यांची सांगड घालण्याचा प्रकल्प सुरू केला. गटात ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम भरावीच लागते. सिंगापूरमध्ये जे काम कायदा करतो, ते येथे गटातील सदस्यांची आपसांतील शिस्त करते. घरातील महिलांच्या नावे असे नियमित खाते असणे अत्यंत उपयुक्त आहे.

समारोप

देशांच्या बचत दरांची यादी ही शहाण्या व उधळ्या लोकांची यादी नाही. कोरियाचा दर उत्पन्न वाढल्यामुळे चढला, चीनमध्ये आजारपणाच्या व म्हातारपणाच्या काळजीने हात आखडला गेला, सिंगापुरात कायद्याने बचत घडविली, तर जपानची कुटुंबे वृद्ध झाल्यावर साठविलेले खर्चू लागली. त्याच न्यायाने ज्या शेतकऱ्याची बचत उणे आली, त्याने स्वतःला किंवा घरच्यांना दोष देत बसू नये. कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने तूट पडली, हे वहीत शोधावे.

येत्या पाडव्यापासून तीन वर्षांचा हिशेब मांडण्यास सुरुवात करावी. तिसऱ्या वर्षाअखेर ढोबळ व निव्वळ असे दोन्ही दर काढावेत. निव्वळ दर शून्याच्या वर असेल, तर शेती स्वतःचे भांडवल राखून आहे असे समजावे. तो शून्याखाली असेल, तर नवीन कर्ज काढण्यापूर्वी वाईट वर्षाचा फटका कमी करणारे एखादे काम हाती घ्यावे आणि त्याबाबत आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी सहायक यांचा सल्ला घ्यावा.